वाचलेलं राहीना तेव्हा

मेंदूज्वरातून माणूस उठला की सगळे विचारतात, चालता येतंय ना, बोलता येतंय ना, जेवण जातंय ना. माझं तिन्ही व्यवस्थित होतं. तरी मी रडत होते, आणि का रडते ते मला कुणाला धड सांगता येत नव्हतं. मला वाचता येत होतं, पण वाचलेलं राहत नव्हतं. पान उलटलं की मागचं पान पाटी पुसावी तसं कोरं.

हे असं आणखी कुणी भोगलंय आणि त्यातून बाहेर आलंय, एवढं जरी तेव्हा कुणी सांगितलं असतं, तरी माझे कितीतरी दिवस कमी भीतीत गेले असते. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करते. औषधांबद्दल इथे काही मिळणार नाही. पण वाचलेलं माझ्या डोक्यात परत कसं राहायला लागलं ते मला पक्कं माहीत आहे. ते सांगताना मी आजही खुर्चीत स्वस्थ बसू शकत नाही, मध्येच उठून दोन येरझाऱ्या घालते.

हनुवटी

ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. मी चौतीस वर्षांची होते. घरात आम्ही तिघंच, मी, माझे यजमान आणि आठवीतली मुलगी मीनल. हे सरकारी कचेरीत नोकरीला. मी शहरातल्या एका जुन्या, नावाजलेल्या वकिलांच्या हाताखाली काम करत होते. त्यांना सगळे तात्या म्हणत, मीही म्हणे. कोर्टात तेव्हा आम्ही बायका वकील बोटांवर मोजण्याइतक्या. 'बाईंना कागद तोंडपाठ असतात' अशी माझी ख्याती होती आणि मला तिचा गर्व होता, हे कबूल करते.

शिमगा होऊन गेला होता, कातळ तापायला लागला होता. दोन दिवस अंगात ताप होता तो मी उन्हावर ढकलला आणि कामाला जात राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी डोकं असं दुखायला लागलं की खिडकीतला उजेड सोसवेना. मीनलने वेणी घालून मागितली, तर मला तीन पेड कसे घालायचे ते सुचेना. केस हातात धरून मी नुसती उभी. तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि बाबांना हाक मारली.

डॉक्टर घरी आले. तरुण होते, शांत होते. त्यांनी मला हनुवटी छातीला लावायला सांगितली. एवढी साधी गोष्ट. मान खाली जाईच ना, मानेत कुणी पहार घातल्यासारखी. डॉक्टरांनी यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, आत्ताच निघायचं. मला आठवतं ते एवढंच, की रिक्षात बसताना मी यांना बजावून सांगत होते की परवाच्या तारखेचे कागद डाव्या कपाटात आहेत. त्यानंतरचे पाच-सहा दिवस माझ्याजवळ नाहीत. ते मी मीनलकडून ऐकलेत.

वॉर्ड

मला आठवायला लागतं तेव्हापासून मी बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर आहे. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं होतं, आजार ठरला होता, इंजेक्शनं चालू होती. दिवसाचे चार तुकडे त्या इंजेक्शनांनीच पडत. सिस्टर ट्रे घेऊन दारात दिसली की कमरेचा स्नायू आपोआप आखडायचा. सकाळी चहा, मग डॉक्टरांची फेरी, दुपारी घरून आलेली पेज, चार वाजता भेटायला येणाऱ्यांची गर्दी आणि त्यांच्या हातातली शहाळी. इतकी शहाळी की मी ती वॉर्डभर वाटत असे.

एका सिस्टरचं मात्र मी आयुष्यभर देणं लागते. उजेड मला सोसत नाही हे तिने न सांगता ओळखलं आणि खिडकीवर एक जाड निळी चादर बांधून टाकली. मोठ्या सिस्टरनी विचारल्यावर ती म्हणाली, वाळत घातलीय. ती चादर दहा दिवस वाळत होती.

माझ्या शेजारच्या खाटेवर सोनूबाई होती. लांज्याच्या आतल्या एका वाडीतली, साठीच्या पुढची. काजू काढायला गेली असताना कातळावरून घसरून तिचा पाय मोडला होता. पाय वजन लावून टांगलेला, पण तोंड मोकळं. वॉर्डात कोण कुठल्या गावची, कुणाची सून कशी, कुणाच्या गोळीचा रंग काय, हे सगळं तिला ठाऊक. तिला अक्षरओळख नव्हती.

तेच पान

मान सैल झाली, ताप गेला, चादर निघाली. मग मी यांना वर्तमानपत्र आणायला सांगितलं. हे खूश झाले. मी वाचायला लागले की मी बरी, असा त्यांचा हिशेब.

पहिलं पान मी वाचलं. शब्द कळत होते, वाक्यं कळत होती. संध्याकाळी हे आले तेव्हा मी तेच पान वाचत होते आणि त्यांना म्हणाले, हे बघा, बंदरात नवी जेटी बांधणार आहेत. हे हळूच म्हणाले, 'हे तू मला दुपारी सांगितलंस. सकाळीपण.'

मला दुपारचं आठवत नव्हतं. सकाळचंही नाही. बातमी माझ्यासाठी तिसऱ्यांदा नवी होती.

दुसऱ्या दिवशी मी चोरून परीक्षा घेतली. एक परिच्छेद वाचला, डोळे मिटले. आत काहीच नव्हतं. 'होडी' हा एक शब्द तरंगत होता, तो त्या परिच्छेदातला होता की नव्हता याचीही खात्री नव्हती. मी परिच्छेद पुन्हा वाचला. पुन्हा. नऊ-दहा वेळा वाचला असेल. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बसला. डोळे मिटले की गेला.

डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते माझ्या खाटेवर बसले. उभ्याने बोलले नाहीत, त्यावरूनच मी समजले. म्हणाले, नजर ठीक आहे, बुद्धी ठीक आहे, जुनं सगळं जागेवर आहे. नवीन वाचलेलं आत ठेवण्याचं काम मेंदू नीट करत नाहीये. सूज होती, ती उतरलीय. किती परत येईल आणि कधी येईल, ते आज सांगता येणार नाही. मी विचारलं, मी वकील आहे, कागद लक्षात राहणार नसतील तर मी काय करू? त्यांनी खोटा धीर दिला नाही. आधी अंगात ताकद येऊ दे, एवढंच म्हणाले.

त्या दुपारी मी भिंतीकडे तोंड करून झोपले. काळा कोट, बार रूममधली माझी खुर्ची, तोंडपाठ कागद, सगळं डोळ्यांसमोरून एकेक करून जात होतं.

सोनूबाईचं पत्र

दोन दिवसांनी सोनूबाईला मुंबईहून मुलाचं पत्र आलं. निळं आंतरदेशीय. तिने ते माझ्याकडे दिलं, कारण वकीलबाईला वाचता येतं. मी वाचून दाखवलं. मुलगा कारखान्यात कामाला होता. त्याची पाळी बदलली होती, खोकला गेला होता, गावच्या एका माणसाबरोबर तो लुगडं पाठवणार होता, आणि आईने काठी घेतल्याशिवाय चालू नये असं त्याने दोनदा लिहिलं होतं.

मी पत्र घडी करून परत दिलं. तर ती म्हणाली, 'वाचलंस ता बरा झाला गो बाय. आता मला तुज्या तोंडान सांग बगू, काय काय लिवलान त्यानं.'

मी म्हटलं, आत्ता तर वाचून दाखवलं. पुन्हा वाचू का?

'वाचू नको. सांग.'

चार ओळींचं पत्र आणि मला एक ओळ सांगता येत नव्हती. मी तिला खरं काय ते सांगून टाकलं, की माझं वाचलेलं राहत नाही, आजाराने नेलं. हे मी यांच्याशीसुद्धा इतकं सरळ बोलले नव्हते.

तिला त्यात फार काही वाटलं नाही. ती म्हणाली, तिचंही नुसतं ऐकलेलं राहत नाही. मुलाचं पत्र शाळेतले गुरुजी वाचून दाखवतात. ते ऐकून ती पाण्याला जाते आणि वाटेत भेटेल त्या बाईला पत्र सांगते. घरी येऊन जावेला सांगते. दुसऱ्या दिवशी शेजारणीला. 'सांगलां म्हंजे माजा होता,' ती म्हणाली, म्हणजे सांगितलं की ते आपलं होतं. मग तिने मला मुलाची गेल्या तीन वर्षांतली पत्रं सांगितली. एकामागून एक, कुठल्या पत्रात कुणाचं बारसं आणि कुठल्यात छप्पर गळत होतं, सगळं. मी तोंडात बोट घालून ऐकत राहिले.

मग म्हणाली, पयलं आठव. चुकलास तर मी हाय.

मी डोळे मिटले. फार वेळ काही आलं नाही. वाचून बघण्याचा मोह इतका झाला की मी हात उशीखाली दाबून ठेवले. मग कुठूनतरी आलं, लुगडं. मी म्हटलं, लुगडं पाठवणार आहे. ती म्हणाली, कुणासंगती? पुन्हा शोध. गावचा कुणी माणूस. खोकल्याचं मी उलटंच सांगितलं, वाढलाय म्हणून. ती खो खो हसली, म्हणाली, 'मारतंस काय माज्या पोराला?' काठीचं आणि पाळीचं आलंच नाही, ते तिने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी उठून बसले आणि माझ्या मनात, कुणी न विचारता, सोनूबाईच्या मुलाचा खोकला बरा झालाय हे होतं. मी चहाचा कप खाली ठेवला. लुगडं होतं. गावचा माणूस होता. काठी होती. ज्यात मी चुकले होते ते तर सगळ्यांत ठसठशीत होतं. आदल्या दिवशी वाचलेली गोष्ट आज माझ्याजवळ होती. आजारापासूनची पहिली.

मी सोनूबाईला गदागदा हलवून उठवलं आणि पत्र सांगितलं. पाळी बदलल्याचं तेवढं राहिलं. मला इतका आनंद झाला होता की सिस्टर नाडी बघायला धावत आली.

घरी

साडेतीन आठवड्यांनी घरी आले. आल्यावर जे कळलं त्याने तो आनंद पार झाकोळून गेला.

भेटायला आलेल्या तात्यांच्या कारकुनाच्या बोलण्यातून बाहेर आलं, की माझ्या यजमानांनी मला न विचारता तात्यांना सांगून ठेवलं होतं, हिला आता वकिली झेपणार नाही, दुसरं कुणी बघा. कारकून गेल्यावर मी यांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाले, तुला चारचौघांत अडखळताना बघवणार नाही मला.

हा माणूस साडेतीन आठवडे वॉर्डाबाहेरच्या लाकडी बाकावर झोपला होता. माझ्यासाठी पेज करायला शिकला होता. त्याच्यावर रागवायचं तरी कसं? पण मी रागावले. दोन दिवस आम्ही मीनलमार्फत बोललो. 'बाबांना म्हणावं मीठ घ्या', 'आईला विचार औषध घेतलं का'. बिचारी मधल्यामध्ये.

त्यांची आणखी एक सवय मला छळत होती. कुणी काही विचारलं आणि मी आठवायला लागले की हे पटकन उत्तर पुरवत. मायेनेच, पण पुरवत. तिसऱ्या दिवशी जेवताना तसंच झालं आणि मी हातातला घास खाली ठेवला.

'तुम्ही सांगू नका,' मी म्हटलं. 'मला शोधू दे. कितीही वेळ लागला तरी. तुम्ही सांगितलंत की ते तुमचंच राहतं, माझं होत नाही.'

त्यांनीही घास खाली ठेवला. मग म्हणाले, 'मला भीती वाटते गप्प बसायची. तू शोधतेस आणि तुला सापडत नाही, तेव्हा तुझा चेहरा मला दवाखान्यातला दिसतो.'

ते मला माहीतच नव्हतं. माझी भीती मी रोज मोजत होते, त्यांची मी विचारलीही नव्हती. त्या दिवसापासून ठरलं की मी स्वतः 'हरले' म्हणेपर्यंत कुणी उत्तर द्यायचं नाही. यांनी ते इतकं मनावर घेतलं की एकदा मी 'दुधाचं ते हे' म्हणून पाच मिनिटं अडले, दूध उतू गेलं आणि हे पातेल्याकडे बघत उभे राहिले, पण 'गाळणं' हा शब्द तोंडातून काढला नाही.

मीनलचे प्रश्न

आता माझ्या आवडीचा भाग.

मला वाटलं होतं वाचायचं आणि सांगायचं, झालं. पण मोठा मजकूर घेतला की गाडी रुतायची. मी लाल पेन्सिलीने महत्त्वाच्या ओळी अधोरेखित करायला लागले, तर सगळं पान लाल झालं आणि डोक्यात काही नाही. वाईट दिवस आले. एकदा मीनलच्या आठवीच्या भूगोलाच्या पुस्तकातला एक धडा तिला येतो आणि मला येईना, तेव्हा मी ते पुस्तक भिंतीवर फेकलं. तिने ते उचललं, पान सरळ केलं आणि म्हणाली, 'आई, मी आधी विचारते. तू उत्तरं शोधायला वाच.'

तिने पुस्तकात बघून प्रश्न काढले. पाऊस घाटावर जास्त का पडतो? घाटापलीकडे कमी का? मग मी वाचलं. आणि काय सांगू, वाचणंच बदललं! आधी ओळी माझ्यावरून पाण्यासारख्या जात होत्या. आता मी त्यांच्या मागे लागले होते. प्रश्नाचं उत्तर आलं की आत कुठेतरी चाप बसल्यासारखं वाटायचं. पुस्तक मिटून मी ते सांगितलं, आणि सलग सांगितलं. मीनलने टाळ्या वाजवल्या. मी तिला कडेवर घ्यायला गेले, ती आठवीतली घोडी!

मग मला नादच लागला. रोज नवीन काहीतरी सापडायचं. वाचल्यावर लगेच सांगितलेलं दोन दिवस टिकतं आणि मग विरघळतं, हे कळलं. पण विरघळायच्या बेतात असताना, म्हणजे जरा त्रास पडतो तेव्हा, पुन्हा आठवून सांगितलं की आठवडा टिकतं. तेव्हा परत सांगितलं की महिना. सोपं असताना पुन्हा पुन्हा घोकण्यात काही हशील नव्हतं. त्रास पडला पाहिजे. मी कॅलेंडरवर खुणा करायला लागले, हे उद्या सांगायचं, हे गुरुवारी, हे पुढच्या बुधवारी. यजमान ऑफिसातून आले की श्रोते. ते चहा पीत ऐकत, चुकलं की नुसती भुवई वर करत. मी भुवई बघून मागे जायची आणि चूक शोधायची.

एका बैठकीत फार वाचलं की सगळं गढूळ होतं, हेही कळलं. पंधरा मिनिटं वाचायचं, उठायचं, अंगणात आंब्याखाली एक फेरी मारायची, आणि फेरी मारताना स्वतःला सांगायचं. शेजारच्या काकूंना वाटलं मला वेड लागलंय. त्यांनी यांना तसं विचारलंसुद्धा. हे म्हणाले, नाही, उतरतंय.

फाइल

दोन महिन्यांनी मी तात्यांकडे गेले. एकटी गेले. हे फाटकापर्यंत सोडायला आले आणि तिथूनच मागे फिरले.

तात्या कमी बोलणारे आणि उगाच गोड न बोलणारे. त्यांना मी सगळं सांगितलं, काय गेलंय, काय येतंय, कसं येतंय. ते ऐकत राहिले. मग त्यांनी कपाटातून एक फाइल काढली.

लांज्याकडच्याच गंगाराम नावाच्या शेतकऱ्याचा दावा होता. त्याच्या वाडीची विहिरीकडे जायची पिढीजात वाट शेजारच्या बागेच्या कडेने जाई. वडिलांकडून बाग हाती आलेल्या मालकाने चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी बांध, घालून ती बंद केली होती. वाडीतल्या बायकांना आता टेकाडाला वळसा घालून पाणी आणावं लागत होतं. साक्षी-पुरावे निम्मे झाले होते. बागमालकाची उलटतपासणी बाकी होती.

तात्या म्हणाले, तारखेला सहा आठवडे आहेत. तीन आठवड्यांनी या आणि कागद न उघडता मला हा दावा सांगा. नीट सांगितलात तर उलटतपासणी तुमची. नाहीतर माझी.

सत्तर पानं होती. मी ती यांच्या समोर टेबलावर ठेवली तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण बोलले फक्त एवढं, 'सुरुवात कुठून करायची?'

आम्ही तिघांनी ती फाइल लढवली. एकेक कागद. वाचण्याआधी प्रश्न, हा कागद कुणी केला, कशासाठी, यातून मला काय हवंय? मग वाचन, मग कागद पालथा, मग सांगणं. जमिनींच्या हद्दी काही केल्या राहीनात, तर मीनलने स्वयंपाकघरातली भांडी आणून जमिनीवर नकाशा मांडला. तांब्या म्हणजे विहीर, पोळपाट म्हणजे बाग, लाटणं म्हणजे गडगा, वाटी म्हणजे गंगारामची वाडी. मी त्या भांड्यांमधून चालत हद्दी सांगायची. दोन दिवस आम्ही पोळ्या केल्या नाहीत, भातावर भागवलं.

तीन आठवड्यांनी तात्यांसमोर बसले आणि चुकले. साक्षीदारांपैकी दोघा चुलतभावांची अदलाबदल केली. माझ्या लक्षातही आलं नव्हतं, तात्यांनी दाखवलं. मला वाटलं, संपलं.

तात्यांनी चष्मा पुसला. 'चुकलात ते आता विसरणार नाही,' ते म्हणाले. 'पुढच्या सोमवारी परत या.'

सोमवारी मी तासभर बोलले. त्यांनी एकदाही थांबवलं नाही.

साक्षीदार

उलटतपासणीच्या दिवशी मी काळा कोट घातला तर तो दोन्ही खांद्यांवर लोंबत होता. हे म्हणाले, भरेल. मीनल शाळेत जाताना पाया पडायचं सोडून हात मिळवून गेली.

बागमालक पिंजऱ्यात उभा राहिला. माझे प्रश्न मी आखून ठेवले होते. त्याच्या लेखी कैफियतीत म्हटलं होतं की वाडीतली माणसं वडिलांच्या परवानगीने कधीमधी बागेच्या कडेने जात, तो त्यांचा हक्क नव्हे. म्हणून माझा सगळा रोख परवानगीवर होता. पहिले तीन प्रश्न सुरळीत गेले. चौथ्याला तो म्हणाला, तिथे वाट कधी नव्हतीच. कुणी चालतच नव्हतं. वडिलांच्या वेळेपासून मोकळी बाग होती.

हे मी आखलेलंच नव्हतं. माझे पुढचे सगळे प्रश्न एका झटक्यात निरुपयोगी झाले. न्यायाधीश माझ्याकडे बघत होते. मागच्या बाकावर तात्या होते, त्यांच्याकडे वळून बघायची माझी छाती नव्हती. टेबलावर सत्तर पानांची फाइल होती. ती चाळायला लागले असते तर सगळ्यांना दिसलं असतं की बाईंचं काही खरं नाही.

मी फाइलवर हात ठेवला आणि शोधायला लागले. आतल्या आत. त्याचे वडील. वडिलांनी बाग विकत घेतली ते खरेदीखत. ते कुणी हजर केलं? त्याच्याच वकिलांनी, मालकी दाखवायला. हद्दी. उत्तरेस ओढा. दक्षिणेस कातळ. पश्चिमेस दुसऱ्या खातेदाराची आंब्याची कलमं. पूर्वेस...

किती वेळ गेला कोण जाणे. मला तो खूप वाटला. तात्या नंतर म्हणाले, एक घोट पाणी पिण्याइतका.

मी म्हटलं, 'तुमच्या वडिलांनी बाग खरेदी केली त्या खतावर त्यांची सही आहे. तुम्हीच ते कोर्टात दिलं आहे. त्यात चतुःसीमेत पूर्वेस काय लिहिलंय?'

तो म्हणाला, आठवत नाही.

'मला आठवतं,' मी म्हटलं. '"पूर्वेस वाडीतील लोकांची विहिरीकडे जाणारी पायवाट."'

समोरचे वकील उठले, कागद बघितल्याशिवाय असं म्हणता येणार नाही वगैरे म्हणाले. न्यायाधीशांनी कागद मागवला. कारकुनाने पान शोधून पुढे केलं. न्यायाधीशांनी पूर्वेची ओळ मोठ्याने वाचली. शब्दाला शब्द तीच होती.

त्यापुढचे प्रश्न मी कसे विचारले ते मला सांगताही यायचं नाही. आवाज मात्र खणखणीत येत होता. गंगाराम मागे उभा होता. त्याला कायद्यातलं काय कळलं असेल ते असो, त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

दुपारी समोरच्या वकिलांनी तडजोडीचा विषय काढला. पुढच्या तारखेला वाट लिहून मिळाली आणि दिवाळीच्या आधी गडग्याचे चिरे निघाले.

बार रूम

आजही मी पूर्वीसारखी नाही. नावं घसरतात. कादंबरी मध्येच आठवडाभर सोडली की मागे जावं लागतं. थकले की अक्षरं नुसती अक्षरं होतात, मग मी वाचणं थांबवते आणि त्याची लाज वाटून घेत नाही. पण जे मी वाचते आणि सांगते ते माझं होतं, आणि पूर्वीच्या पाठांतरापेक्षा जास्त माझं होतं. तेव्हा मला कागद पाठ असत. आता मला ते ठाऊक असतात.

तुमच्या घरात कुणाचं असं झालं असेल तर त्याच्यापुढे पुस्तकांचा ढीग टाकू नका आणि त्याच्याकडून पुस्तकं काढूनही घेऊ नका. त्याच्याजवळ बसा. तो शोधत असताना गप्प बसा. ते फार अवघड असतं, हे माझे यजमान तुम्हाला सांगतील.

उलटतपासणीच्या त्या दिवशी कोर्ट उठल्यावर मी बार रूममध्ये येऊन बसले. समोर चहाचा कप आला होता. तात्या आले. शाबासकी ते कुणालाच देत नसत, मीही तिची वाट बघत नव्हते. त्यांनी काखेतली एक नवी, जाडजूड फाइल माझ्या समोर टेबलावर ठेवली. गाठ अजून सोडलेली नव्हती.

'गुरुवारी तारीख आहे,' ते म्हणाले. 'वाचून या.'

एवढं बोलून ते गेले. मी कप बाजूला सारला आणि फाइलची गाठ सोडली.